पलीकडचा माग

तीन आवाज आहेत तिच्याकडे. मोजून तीन.
चौथा मागितला तर चिप आधीचा एक गिळते
आणि तोंड पुसून नवा देते.
प्रतिध्वनी तिला ठाऊक नाही.
आत्ता वाजवलं ते तिच्या ध्यानातच राहत नाही,
सगळं सांगावं लागतं, सेकंदात पन्नासदा:
ही पट्टी, हा जोर, आता थांब.

म्हणून प्रतिध्वनी हातानं लिहायचा असतो.
सूर पहिल्या रांगेत, पंधराच्या जोरानं.
तोच दुसऱ्या रांगेत, काही घरं खाली, नऊनं.
मग पाच. मग दोन.
एखाद्या आकड्यानं बेसूर करायचा,
म्हणजे भिंत जरा लांब वाटते.

भिंत होतीच.
तांडापेठेत आमचं घर नि हेडाऊंचं,
मध्ये एका विटेची जाडी.
इकडे बाबांचा माग, तिकडे त्यांचा.
बाबांनी धोटा फेकून फणी ओढली की ठक,
आणि श्वास घ्यायच्या आत पलीकडून ठक.
मला वाटायचं आवाजाला दोन बाजू असतातच,
लुगड्याला दोन काठ असतात तशा.

कॉम्प्युटर मामानं आणला, अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात,
बर्डीवरून, तिसऱ्या हाताचा, 'पी'चं बटण नसलेला.
कूलर चालू ठेवला तर काही ऐकू येत नसे,
बंद केला तर दहा मिनिटांत मशीन तापून अडकायचं.
त्यामुळे माझं सगळं संगीत दहा-दहा मिनिटांचं.
आई म्हणायची, "काय करून राहिली वं,
टीव्ही जळन नं एखाद्या दिवशी."

त्याच उन्हाळ्यात हेडाऊकाकांनी माग विकला.
लाकूड वखारीत, लोखंड भंगारात,
स्वतः कामठीला, जावयाकडे.
बाबा विणत राहिले. फक्त
ठक झालं की इवलीशी जागा सोडायचे.
पोत बिघडला नाही, गिऱ्हाइकाला कळलं नाही.
मी मोजली ती जागा.
सहा घरं.

मग एका दुपारी खर्ज काढून टाकला
(तिघांतलं कुणी उठल्याशिवाय जागा कुठून व्हायची),
खरखरीतून कापून ठक बनवलं,
पहिल्या रांगेत पंधरानं,
दुसरीत सहा घरं उशिरा, नऊनं.

बाबा जेवत होते. घास हातात राहिला.
"हेडाऊ आला का वं?"
मग टीव्हीकडे पाहिलं, वायरींकडे, माझ्याकडे.
भात कालवत म्हणाले,
"तुझा उशिरा येऊन राहिला.
त्याचा हात जलद होता."

मी पाच घरं केली.
"हां. हा हेडाऊ."

म्हणजे वाट पाहण्यात एक घर वाढलं होतं.
ते त्यांना कळलं की नाही, विचारलं नाही मी.
खर्ज परत घातला नाही एवढं खरं.

परवा माळ्यावरून मशीन काढलं, कॅसेटसकट.
बर्डीवर एक पोरगा आहे, अश्लेष नावाचा,
त्यानं फुगलेले कपॅसिटर बदलले, 'पी'ही बसवलं कुठून तरी.
म्हणाला, "मॅडम, पहिला चॅनल मेला आहे.
चिप आता भेटत नाही. दोनावर चालवून घ्या."

घरी आणून लावलं.
नव्या फ्लॅटच्या भिंती पोकळ, कूलरही नाही,
कॅसेट चढायला चार मिनिटं, किंचाळत.

मग आधी काहीच नाही.
एक, दोन, तीन, चार, पाच.

पलीकडून ठक.