पाण्याचा अर्क

म्बारारातल्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या फडताळावर,
ओमुबिरिझीची पानं मी अकरा दिवस वाळवली,
सावलीत. उन्हात कडूपणा उडून जातो म्हणे.
मग कुटली, चाळली, दोन बाटल्यांत भिजत घातली:
एकीत पाणी, एकीत इथेनॉल.
वही नीट ठेवली. आमच्याकडे वही नीट असली
की बाकीचं खपून जातं.

अगारच्या बशीवर जिवाणू पसरले,
एका मुलाच्या पायातल्या चिघळलेल्या जखमेतले.
मुलाचं नाव वहीत नाही. नमुना एकेचाळीस.
त्यावर कागदाच्या टिकल्या, मसुरीएवढ्या.
रात्री दोनदा वीज गेली.
इनक्युबेटरभोवती मी माझा स्वेटर गुंडाळला,
तापातल्या माणसाला गुंडाळावं तसा.

सकाळी बशी उजेडाला धरली.
सगळीकडे पिवळट दाट साय,
आणि इथेनॉलच्या टिकलीभोवती एक स्वच्छ वर्तुळ.
तिथे कोणी उगवलं नव्हतं.
पट्टी लावली: चौदा मिलिमीटर.
दुकानातल्या औषधाचं अठ्ठावीस.
पाण्याच्या टिकलीला मात्र
साय थेट कडेला येऊन टेकलेली.
शून्य, लिहिलं मी.

हे शून्य केबिरुंगीला सांगायचं होतं.
पानं तिच्याच कुंपणाची.
केळीच्या बागेतून चढण, वर गोठा,
लांब शिंगांच्या गाई वाट अडवून उभ्या,
मला काही घाई नव्हती.
तिने माझा फोन घेतला, फोटो
खिडकीकडे तिरका धरला, एक डोळा मिटला.
"हे रिकामं आहे, तेच औषध?"
हो.
"आणि हे?"
हे पाण्यातलं. तुम्ही करता तसं.

ती हसली, ते खोकल्यात संपलं.
"पाणी कोण म्हणालं तुला?"
कोपऱ्यातला वाळल्या भोपळ्याचा तुंबा ओढला,
बूच काढलं. आंबलेल्या केळ्यांचा वास
खोलीत उभा राहिला.
टोंटो.
पाला ती त्यात चुरते, तिची आई त्यातच चुरायची,
गुरांच्या खुरांना, कोयत्याच्या जखमांना,
आणि उरली तर प्यायचो, म्हणाली, वाया का घालवा.

प्रश्नावली मीच केली होती.
वय, शिक्षण, झाडाचं नाव, पान की साल की मूळ.
कशात, हा रकाना नव्हता.
सत्तावीस पानांच्या त्या प्रस्तावात
पाणी मीच घातलं होतं.

उतरताना हिशेब करत आले:
टोंटोत दारू ती किती, इथेनॉलच्या पासंगालाही नाही.
वर्तुळ पडणारही नाही कदाचित.
पडलं तरी बशीत मरतं ते
पायात मरेलच असं कुठे आहे.
एकेचाळीसचा पाय कसा आहे, हे विचारायला
कोणाला फोन करायचा, तेही ठाऊक नाही.

बोडाबोडावर मांडीत धरलेली बाटली
अजून आंबतच होती.
रुहारोच्या खड्ड्यात बूच उडालं,
अर्धी माझ्या स्कर्टवर.
न्टेगेकाने गाडी हळू केली, मान वळवून हुंगलं.
"दहाही वाजले नाहीत, मॅडम."
कामाची आहे, म्हटलं मी,
आणि अंगठा दाबून धरला बाटलीच्या तोंडावर.