ठोकून बघणारा

शिरोलीच्या फाउंड्रीत माझं काम एवढंच:
कास्टिंग साखळीला टांगायचं, हातोडीनं एकदा ठोकायचं,
ऐकायचं.
खण्ण वाजलं, तर पास.
थद् वाजलं, तर आत कुठंतरी तडा,
डोळ्याला दिसो नाहीतर न दिसो.
बावीस वर्षं हेच.
तेव्हा 'चरक'च्या गाण्यांबद्दल मी बोलतोय
तर जरा ऐकून घ्या.

पहिली कॅसेट उद्यमनगरातली,
नेर्लेकरांच्या लेथच्या शेडमध्ये सोमवारी सुट्टीला केलेली,
झेरॉक्सचं कव्हर, चिपाडासारखी पिंजलेली अक्षरं.
बी साइडला तिसरं गाणं मधेच अर्धा सूर वर चढतं
आणि पिसाटल्यासारखं पळत सुटतं.
पोरं म्हणतात, काय डोकं लावलंय राव!
डोकं कसलं, व्होल्टेज पडलं होतं.
बल्ब पिवळा झाला, टेप हळू फिरली,
म्हणून गाणं जोरात गेलं.
मी तिथंच होतो, वायर धरून.
इलाही बागवान थांबला नाही,
दोन्ही पायांनी असा तुटून पडला
की शेजारचे म्हातारे चंदगडे
सुट्टीदिवशी पॉवर हॅमर कुणी चालू ठेवला
ते बघायला आले.
तडा आहे त्या गाण्यात, मान्य.
तरी पास.

दुसरी पुण्यात केली, पैसे ओतून.
लोक तिला डोक्यावर घेतात.
मी म्हणतो, ब्लोहोलात पुट्टी भरून वर रंग मारलाय.
इंगवल्यांचा धैर्यशील त्यात ओरडतो,
पण कट बाजूला ठेवून मिसळ खाल्ल्यासारखा.
एकेक ठोका मोजून, धुऊन, वाळत घातलेला.
मी ती दोनदा ऐकली
आणि मेव्हण्याला देऊन टाकली.
त्यापेक्षा गडहिंग्लजच्या गॅदरिंगची टेप बरी:
चार मिनिटं गाणं,
मग प्राचार्यांनी वीज तोडली,
मग नऊ मिनिटं नुसती पोरांची बोंब,
आणि त्या बोंबेतही ठेका सुटलेला नाही.

पण तिसरी.
उपाध्ये बेस सोडून गुजरीतल्या दुकानात बसला
त्यानंतरची.
जाड, काळी, साच्यातल्या वाळूसारखी दाबून भरलेली.
झांजांचा किणकिणाट नाही, नुसता घण.
सहा वर्षं मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर
हेच भांडत आलो:
झांजा काढून टाकायला छाती लागते,
ह्यांनी काढल्या.
भोसल्यांचा सत्यजित माझ्याकडं बघायचा
आणि शेंगा सोलायचा.
काही बोलायचा नाही.

दिवाळीआधी कारखान्यात कान तपासणारी गाडी आली.
काचेच्या खोलीत बसवलं,
ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले.
मी बराच वेळ दाबलंच नाही,
मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय.
कागदावर रेघ आली ती डावीकडं बरी,
उजवीकडं जोतिबाच्या घाटासारखी खाली.

घरी आल्यावर शर्वाणीच्या कानाला तिसरी लावली.
दोन मिनिटांत तिनं हेडफोन काढला.
"पप्पा, झांजांनी कान फाटतोय की ओ."
"कुठं?"
"सगळीकडं."

डॉक्टर म्हणाले, खण्ण आणि थद्
खालच्या पट्टीत असतात,
कामाला धोका नाही.
तरी हल्ली एकदा ठोकून भागत नाही,
दोनदा ठोकतो.
सुपरवायझर घड्याळ बघतो.

शर्वाणीनं एका रविवारी बसून
तिसरीच्या कव्हरवर, गाण्यांच्या ओळींवर
जिथं जिथं झांज पडते
तिथं तिथं पेन्सिलनं फुली मारून दिली.
कागद उभा-आडवा फुल्यांनी भरला,
शब्द दिसेनात.
आता तो मांडीवर घेऊन ऐकतो.
फुली येते, मी बोट टेकवतो,
पुढं जातो.

सत्यजितला अजून सांगितलेलं नाही.
आणि मत विचाराल
तर तिसरीच भारी.
शिक्का एकदा मारला
की मारला.