रंग सांग

सौद्याचं पान मी तीन रात्री जागून केलं.
शाहूपुरीतल्या अडतीचं. वर गुळाच्या रव्यांचा फोटो,
खाली भावांचा तक्ता, तोही फोटोच,
मालकांनी वहीचं पान टिपून पाठवलेलं,
मी नुसतं सरळ केलं.

दस्तगीर मुल्लाणी, अडतीत बावीस वर्षं,
हिशेब तोंडी, नजर चौथीत असताना गेलेली,
फोन कानाशी धरून ऐकू लागले.
इतका भरभर तो आवाज,
जशी फोडणीत मोहरी.

मग त्यांनी वेग कमी केला. माझ्यासाठी.
"प्रतिमा," फोन म्हणाला. "प्रतिमा.
आयएमजी शून्य शून्य चार सात.
इथे क्लिक करा, दुवा. इथे क्लिक करा, दुवा.
इथे क्लिक करा..."
"कुठं?" चाचा म्हणाले.
हमाल हसले. मीही, जरा उशिरा.

"अक्षर जाड केलं म्हणून मथळा होत न्हाई, लेका.
मथळ्याला मथळा म्हण, मी उड्या मारत जातो.
न्हाईतर पहिल्या पोत्यापासनं शेवटच्यापतुर
हात लावत जायचं. रोज."

बसलो तिथंच, काट्याशेजारी, लॅपटॉप मांडीवर.
तक्ता मोडला, पुन्हा मांडला,
प्रत्येक आकड्याला त्याच्या रकान्याचं नाव दिलं.
दुव्यांवर लिहिलं: आजचे भाव. गाडी नोंदवा.
कागलकडची गुऱ्हाळं.

उरला फोटो. त्याच्या वर्णनात लिहिलं, "गुळाचे रवे."
चाचा ऐकून थांबले.
"रंग?"
मी गप्प.
"भाव रंगावरच लागतो की रं.
पिवळा मला चौथीपर्यंतचा ठाऊक हाय.
म्होरचा तू सांग."

तीन रात्री त्या फोटोकडं बघत होतो
आणि रंग पाहिलाच नव्हता.
उठून गाळ्यात गेलो.
पिवळेच चार तऱ्हेचे निघाले.
आणि कोपऱ्यात एक तांबूस, कडेनं ओलसर काळा,
जो मी फोटोतून कापला होता,
देखणं दिसावं म्हणून.

फोटो पुन्हा अख्खा लावला. वर्णन लिहिलं:
"सात रवे. सहा पिवळे, पिकल्या केळाच्या सालीसारखे.
सातवा तांबूस, एका कडेला ओल."

फोननं वाचलं, सावकाश,
सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं.

चाचांनी मान वळवली, बरोबर गादीच्या दिशेला.
"सातवा कुणाच्या गाडीतला?"

मालक खोकले.