रकाना

वजन साडेसात किलो. दंडाची पट्टी हिरव्यात.
बसतो, रांगतो, काट्याची झोळी ओढतो,
खाली दोन दात.
फक्त ‘आवाज काढतो का’ या रकान्यावर
तीन महिने झाले, मी पेन टेकवते
आणि उचलते.

उपकेंद्रात त्याच्या कानामागे वाटी वाजवली.
वळला. कान शाबूत.
सिस्टर म्हणाल्या, कोणी कोणी उशिरा बोलते.

मग कन्नाक्यांकडे दुपारच्याला जाऊन बसू लागले.
रायवंती तांदूळ पाखडत होती, तेव्हा दिसलं :
लेकराच्या गळ्यात काही हलू लागलं
की तिचं सूप थांबतं.
श्वासही.
तो तिच्याकडे बघतो आणि तोंड मिटून घेतो,
कोणी मोठं माणूस आत आल्यावर
आपण पदर सारखा करतो तसा.

हात उगारत नाही ती. रागावतही नाही.
‘गरीब पोट्टा आहे वं माहा, काईच तरास देत नाई.’

गावाला सगळं माहीत आहे, म्हणून कोणी विचारत नाही.
ती सात वर्षांची होती. चैत.
पाला जाळून मोहाखालची जमीन काळी केलेली,
तिच्यावर पिवळी ओली फुलं
आणि वाकलेली माय.
वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही,
असं गार्ड नंतर सांगून गेला.
मायनं जाताना एकच शब्द टाकला तिच्याकडे :
चूप.
तिनं झेलला.
सूर्य डोक्यावर येईस्तोवर,
माणसं डबडे वाजवत येईस्तोवर, झुडपात,
आणि तिथून पुढं सतरा वर्षं.

मला वाटतं, लेकराला शब्द आलेलाच आहे.
आजीचा शेवटचा, तोच याचा पहिला.
बोलून दाखवता येत नाही इतकंच.

ट्रेनिंगमधला चार्ट माझ्या पिशवीत असतो :
बाळाशी गप्पा मारा, गाणी म्हणा.
त्यातली बाई सारखी हसते.
तो मी काढलाच नाही.
म्हटलं, मोहफुलं वाळू घालायला ये ना अंगणात,
एकटीनं होत नाही माझ्याच्यानं.

आली. फुलं पसरता पसरता म्हणाली,
‘बाई, मी हाक मारली असती तं?’
एक खोटं ओठाशी आलं होतं. गिळलं.
‘मारली असती तं?’
या वेळी मोठ्यानं. गल्लीतलं कुत्रं उठलं.
आणि मग तो आवाज निघाला,
सात वर्षांच्या पोरीचा, गंजलेला,
भिंतीपलीकडच्या बायांनी हातातली कामं ठेवली.

लेकरू दचकलं नाही.
तिच्या गुडघ्यावर चढलं,
तिच्या तोंडात मोहानं चिकट झालेलं बोट घातलं
आणि चाचपत राहिलं,
कुठून येते हे.

रकाना अजून कोराच आहे.
काल संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना
ऐकू आलं, का वाटलं,
‘ब’च्या आधीचं काहीतरी,
ओठाला ओठ चिकटून सुटावा तसं.
मी थांबले नाही.
थांबले असते, तर आत दोघांनीही
श्वास धरला असता.