वास – नाही

एकतीस वर्षं गॅस कंपनीत
माझं नाक पगारावर होतं.
भायखळा, माझगाव, डोंगरीचे जिने.
मीटरच्या खोक्यापाशी वाकायचं,
सांध्यावर साबणाचा फेस लावायचा;
फेसाच्या आधी नाकाला कळायचं.
वहीत शेवटचा रकाना : वास – नाही.
की पुढचा मजला.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी ताप आला.
आठ दिवसांनी उतरला,
जाताना नाक घेऊन गेला.
दूध करपलं. मी शेजारीच उभा, पेपर वाचत.
मालन धावत आली, शेगडी बंद केली,
काही बोलली नाही.
त्या न बोलण्याचाही वास आला नाही मला.

डॉक्टर म्हणाले, यावर गोळी नाही, सराव आहे.
चार तेलं आणा.

मस्जिद बंदरला हुनेदभाईंचं दुकान,
रुंदीला दोन माणसं आणि एक काटा.
स्टुलावर बसवलं त्यांनी मला,
बालवाडीत नवं पोर बसवतात तसं.
"ही लवंग. पानांची नाही, कळीची. भाव वेगळा.
हे लिंबू, सालीतून दाबून काढलेलं.
ही निलगिरी.
आणि गुलाब – खरा तुम्हाला परवडणार नाही,
मलाही नाही.
हे रोशा गवत घ्या, खानदेशातलं.
गुलाबाचा चुलतभाऊ समजा."

मग बोट वर करून :
"अंगाला लावायचं तर खोबरेलात.
चमच्याला दोन थेंब, तिसरा नको.
पोटात नाही. डोळ्याला नाही.
नातू आहे घरात? मग वरची फळी.
झोपेला लॅव्हेंडर मागतात लोक, डोक्याला पुदिना.
बरं वाटतं.
बरं होतं, असं मी सांगत नाही.
माझा बापही सांगत नव्हता."

वाळ्याची बाटली त्यांनी स्वतःसाठी उघडली.
मी विचारलं, कसा येतो?
बराच वेळ डोळे मिटून होते.
"माठाच्या तळाशी राहिलेली दुपार," म्हणाले,
आणि बूच लावलं.

सकाळी दात घासल्यावर, रात्री बातम्यांआधी
एकेका बाटलीला वीस आकडे.
मालन मोजते. मी आठवतो.
लवंग म्हणजे बाबांची दाढ, कापसाचा बोळा.
लिंबू म्हणजे माझगावची फ्रेनीबाई,
मीटर तपासून झालं की सरबत,
ग्लास मात्र वेगळा ठेवलेला.
निलगिरीला नाकाच्या मुळाशी गार झालं.
आला! मी ओरडलो.
हुनेदभाई फोनवर हसले :
"तो वास नाही हो, ती थंडी.
ती दुसऱ्या दाराने येते."

नोंदी करायला जुनीच वही काढली,
मागची पानं कोरी होती.
वास – नाही.
वास – नाही.
तेच अक्षर, तीच आडवी रेघ.
तेव्हा या दोन शब्दांवर
अख्खी इमारत निवांत झोपायची.

सातव्या आठवड्यात रोशाला वास आला,
जळक्या टायरचा.
डॉक्टर खूश : नसा जाग्या होताहेत,
सुरुवातीला पत्ते चुकतात.
मालन खूश नाही.
"म्हणजे मीही तशीच?"
उत्तर द्यायला तिच्या केसांजवळ वाकलो.
काहीच नाही.
तिला जरा बरं वाटलं.

काल सकाळी लवंग.
बाराव्या आकड्याला
टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी टोचलं,
गेलं, पुन्हा आलं.
मालन वीसच्या पुढेही मोजत राहिली,
मी थांब म्हटलं नाही म्हणून.
सव्वीसला पेन घेतलं :
वास – आहे. किंचित.

आणि लिहून होताच
उजवा हात आपसूक उठला,
भिंतीवर मुख्य कॉक शोधू लागला
बंद करायला.