सरखेलांचा झगा

दर सप्टेंबरात, मिरवणुकीच्या आठ दिवस आधी,
डेनिस थर्टल झगा घेऊन माझ्या दुकानात येतात.
किरमिजी मखमल, गळ्याशी सशाची कातडी;
सनदेत त्या कातडीला काहीतरी भारदस्त नाव आहे.

सॉल्टर्स हाइथच्या बंदराचे ते तेविसावे अ‍ॅडमिरल.
आपल्याकडे सरखेल म्हणाले असते.
समुद्र इथून साडेतीन मैल मागे गेलाय,
गाळ साचत साचत, कुणाच्या पणजोबांच्याही आधी.
धक्क्यावरच्या लोखंडी कड्यांना आता
लोक कुत्री बांधतात आणि चहा घ्यायला जातात.

तरी मिरवणूक निघते.
पुढे मिसेस गॅदरकोल, भरती-ओहोटीच्या अधिष्ठात्री,
हातात पाणी मोजायचं चांदीचं माप, कोरडं.
मागे पावांचा मुख्य तोलदार, जो एरवी नळ दुरुस्त करतो.
टोकाशी पोचल्यावर सरखेल
समुद्राला म्हणून एक शिलिंग फेकतात.
ते गवतात पडतं.
मेंढ्या जरा मान वर करतात.
मग नगर कचेरीतली मुलगी ते हुडकून
डबीत ठेवते, पुढच्या वर्षासाठी.

धुण्याआधी मी खिसे तपासते, धंद्याचा नियमच तो.
खोकल्याच्या गोळ्या. बसचा पास.
एकदा एक पत्र निघालं, लाखेच्या मोहरेसकट:
आम्ही, हाइथचे सरखेल, आज्ञापितो की
(हे खोडून, वर बारीक अक्षरात: विनंती करतो की)
संध्याकाळची सहाची बस बंद करू नये.
त्यालाच टाचलेलं उत्तर:
प्रिय ग्राहक, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
बस ऑक्टोबरात बंद झाली.

पहिल्या वर्षी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं.
किल्लेदार.
म्हणजे?
किल्ला सांभाळणारा.
कुठला किल्ला?
मला माहीत नव्हतं. वडलांनाही नसावं.
ते मिरजेच्या पोस्टात शिक्के मारायचे,
हाती मोहर म्हणाल तर तेवढीच.
थर्टल हसले, मग मीही, मध्ये इस्त्रीची वाफ.
आई असती तर सोनुबाईची म्हण
दोघांच्याही तोंडावर मारली असती.

यंदा जानेवारीत वारा उत्तरेकडून आला
आणि रात्री दोनला समुद्रही.
साडेतीन मैलांची कुरणं ओलांडून
थेट बेकरीच्या पायरीपर्यंत.
मी वरच्या खिडकीतून पाहिलं:
पायजम्यावर झगा चढवून
सरखेल धक्क्याच्या टोकाशी, हातात टॉर्च.
अशा वेळी काय करायचं ते सनदेत नसावं.
त्यांनी हात वर केला
की नुसता तोल सावरला,
इतक्या लांबून कळलं नाही.
पिवळ्या जाकिटातली एक पोरगी, विशीची असेल,
भोंग्यातून ओरडली:
आजोबा, मागे व्हा.
आणि ते मागे झाले.
पाणी मात्र पहाटेपर्यंत कुणाचंच ऐकत नव्हतं,
भोंग्याचंसुद्धा.

फेब्रुवारीत झगा आला, अवेळी,
गुडघ्यापर्यंत पांढरा, पापडासारखा कडक.
मीठ निघेल, मी म्हटलं, पण दोनदा धुवावं लागेल,
आणि मखमलीची हमी नाही.
ते बराच वेळ काउंटरवरच्या घंटेशी खेळत राहिले.
वरचं काढा, म्हणाले.
काठाचं राहू द्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भिजलाय तो.

कचेरीला कळलं तर?

त्यांनी खांदे उडवले.
कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर होता अंगात.

मी गुलाबी पावती फाडली.
वस्तू: झगा, एक.
सूचना: काठाचं मीठ काढू नये.
घेणाऱ्याची सही.
एरवी मी तिथे नुसती आद्याक्षरं करते.
त्या दिवशी आडनाव पूर्ण लिहिलं,
वेलांटीसकट.