शेवाळाला कोण खाणार

पुढच्या काचेवर हिरवी साय,
मागच्या काचेवर तपकिरी, बोट फिरवलं की निघणारी.
दोन फुटांची टाकी, चार महिन्यांची,
निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली
एकमेव बिनकामाची वस्तू.

आणि मी कोण,
तर एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत
कृष्णेला बाटलीत धरून उजेडाकडे बघणारी.
मे महिन्यात बंधाऱ्यामागं पाणी हिरवं व्हायचं,
फोन यायचे, बाई, नळाला वास येतोय.
मोरचूद या हातांनी मोजून दिलाय,
निळा, पोतीच्या पोती.
शेवाळ माझ्याशी वैर धरून असेल
तर त्याचं चूक नाही.

वखारभागातल्या दुकानात इर्शाद नदाफ
पिशवीत हवा भरता भरता विचारतो,
लाइट किती तास?
मी म्हटलं, शेवाळ खाणारं काहीतरी दे.
देतो की, पण लाइट किती तास?

आठ, म्हणाले. खोटं.
टीव्ही बंद केल्यावर खोलीत तेवढीच ट्यूब उरते,
आणि मासे काही बोलत नसले तरी
जागे दिसतात.

सकर सगळे नेतात, तो म्हणाला,
आज बोटाएवढा, वर्षात कोपरापर्यंत.
मग शेवाळ सोडतो
आणि झोपलेल्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो.
मग लोक रात्री आयर्विनवरून खाली टाकून येतात.
मी दचकले,
नदी अजून माझ्याच सहीनं वाहत असल्यासारखी.

मग कोळंबी दाखवली.
नखाएवढी, आरपार,
गिळलेला हिरवा घास बाहेरून मोजता येणारी.
नमुन्याच्या बाटलीला पाय फुटावेत तशी.
मला तीच हवी होती.
पाणी कशात मुरवता, त्यानं विचारलं.
आईच्या हंड्यात, तांब्याच्या. रात्रभर.
त्यानं काही न बोलता
पिशवी परत त्याच्या टाकीत उपडी केली.
तांबं, मॅडम. कोळंबीला विष.

मोरचूद म्हणजे तांबंच.
रजिस्टरच्या प्रत्येक पानावर माझ्याच अक्षरात असलेली गोष्ट
मला एका पोरानं
माशांच्या दुकानात सांगावी लागली.

शेवटी गोगलगायी. तीन.
हळदीवर शाई ओघळावी तशा पट्ट्यांच्या.
पिल्लं होणार नाहीत, तो म्हणाला, गोडं पाणी चालत नाही त्यांना.
नुसती अंडी घालतील, पांढरी, तिळाएवढी,
काचेवर तशीच राहतील, लोकांना आवडत नाही ते.
मी म्हटलं, राहू देत.

हंडा माळ्यावर गेला, बादली आली.
मी पहिल्यांदाच कुणाला इतकं सावकाश
काम करताना पाहिलं.
एक हिरव्या काचेतून नागमोडी वाट काढत गेली,
दुसरी दोन दिवस नळीवरच बसून,
पालिकेच्या नोकरीत शोभली असती.
पंधरवड्यात काच अशी लख्ख
की मासे नाक आपटायला लागले.

तेव्हा तिसरी वर आली, पाण्याच्या काठाला,
आणि हलेना.
इर्शादला फोन केला.
उपाशी असेल, तो म्हणाला. मागची काच घासता?
घासते. रोज.
नका घासू. आणि गोटे ठेवा उन्हात, पाण्यात बुडवून,
आठ दिवसांत हिरवे होतील, ते आत सोडा.

म्हणून गच्चीवर, सुलभा कोष्टीच्या सांडग्यांशेजारी,
काचेच्या वाडग्यात माझे पाच गोटे.
मी सकाळी जाऊन बघते,
दुपारी जाऊन वाडगा फिरवते, सावली येऊ नये.
सुलभा विचारते, हे काय वाळवताय?
वाळवत नाही, म्हणते.
आज एका गोट्याच्या कुशीला
किंचित, अगदी किंचित,
अंगठ्याखाली बुळबुळीत लागलं
आणि मी हात पुसला नाही लगेच.

ट्यूब आता दहाला बंद करते.
साडेदहाला.
बरं, अकरा.